पेशींचे निरोप आणि निपाणीची तंबाखू

माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात, असा अलीकडचा अंदाज आहे. त्यांतील प्रत्येक पेशी आपल्यापुरते अन्न घेते, ऊर्जा निर्माण करते, आणि वेळ आली म्हणजे दुभंगते किंवा मरते. एवढ्या अफाट वस्तीवर देखरेख करणारा अधिकारी कोणीच नाही. मेंदू हा शरीराचा राजा, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. परंतु मेंदूही पेशींचाच बनलेला असून यकृतातील वा त्वचेतील प्रत्येक पेशीपर्यंत त्याचा हुकूम थेट पोहोचत नाही. असे असूनही हाताला झालेली जखम भरून येते आणि भरल्यावर तेथील वाढ थांबते. जेवणानंतर रक्तात वाढलेली साखर दोन-तीन तासांत पूर्वपदावर येते. गर्भाच्या चपट्या पंजातून पाच बोटे सुटी होतात, ती मधल्या पेशी नेमक्या वेळी मरतात म्हणून. ही शिस्त कोठून येते? पेशी एकमेकींना सांगावे धाडतात आणि आलेल्या सांगाव्याप्रमाणे वागतात, हे ह्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर होय. हे सांगावे शब्दांचे नसतात, रेणूंचे असतात.

हा विषय वैद्यकाचा. वाङ्मयाला वाहिलेल्या पत्रिकेत त्याचे प्रयोजन काय, असे एखादा वाचक विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की निरोप, तो ऐकणारा आणि निरोपाचा अर्थ हे मुळात भाषेचे प्रश्न आहेत, आणि पेशींच्या जगात ते कसे सुटतात हे पाहणे भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटेल. दुसरे उत्तर आमच्या सीमाभागाचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे गाव विडीच्या तंबाखूसाठी देशभर ओळखले जाते. ह्या तंबाखूतील निकोटिन नावाच्या द्रव्यानेच, विसाव्या शतकाच्या आरंभी, पेशीला निरोप कसा कळतो ह्या प्रश्नाचा पहिला धागा शास्त्रज्ञांच्या हाती दिला. ज्या पिकावर आमच्या कित्येक घरांची चूल पेटली आणि ज्या पिकाने कित्येक घरांतील माणसे अकाली नेली, त्याचा पेशीवर काय परिणाम होतो हे आम्हांस तरी ठाऊक असावयास हवे.

प्रथम शेतातच जाऊ. कारण निरोपांचा हा व्यवहार वनस्पतीतही चालतो. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत तंबाखूचे रोप वाढीला लागले आणि फुलोरा धरू लागले की शेतकरी त्याचा शेंडा खुडतो. पुढे काही दिवसांतच पानांच्या बगलेतून फुटवे डोकावू लागतात, आणि तेही पुन:पुन्हा काढावे लागतात. असे का, म्हणून विचारले तर पाने भरावीत आणि तंबाखू कडक व्हावी म्हणून, असे तो सांगेल. त्याचे म्हणणे अक्षरश: खरे आहे. शेंड्यावरील कोवळ्या पेशी ऑक्सिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते खोडातून खाली उतरते आणि त्याच्या प्रभावाने बगलेतील डोळे निद्रिस्त राहतात. शेंडा गेला की हा 'थांबा'चा सांगावा बंद पडतो आणि डोळे फुटू लागतात. त्याच वेळी एक वेगळा सांगावा उलट दिशेने निघतो. खुडलेल्या जागी जास्मोनेट जातीचे रेणू तयार होतात. रोपाला इजा झाली ही वार्ता मुळांपर्यंत जाते. आणि मुळांतील पेशी पूर्वीपेक्षा अधिक निकोटिन बनवू लागतात. ते रसाबरोबर वर चढून पानांत साठते. निकोटिन पानात सापडते, पण तयार होते मुळात, हे कलमांच्या साध्या प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचे कलम बांधले तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरते. उलट टोमॅटोच्या मुळावर तंबाखू बांधली तर तिच्या पानांत ते जवळजवळ नसतेच.

रोप हे सारे कोणासाठी करते? पान कुरतडणाऱ्या किड्यासाठी. शेंडा खुडणारा शेतकरी त्याला मोठ्या किड्यासारखाच. निकोटिन हे तंबाखूचे संरक्षक विष होय. मावा पडलेल्या पिकावर तंबाखूचा काढा फवारणारा आमचा शेतकरी तेच विष दुसऱ्या पिकाच्या रक्षणास लावतो. एक वनस्पतिज द्रव्य किड्याला मारते आणि माणसाला तरतरी आणते, ह्याचा उलगडा व्हावयास मात्र विज्ञानाला बरीच वर्षे लागली.

इ. स. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग ह्या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. अन्न आम्लासह आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचकरस स्रवतो. हा निरोप मज्जातंतूच पोहोचवीत असले पाहिजेत, अशी तोवर समजूत होती. त्यांनी आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून टाकले आणि मग त्यात आम्ल सोडले. तरीही पाचकरस स्रवला. निरोप रक्तातून गेला होता, एका द्रव्याच्या रूपाने. अशा द्रव्यांना १९०५ साली स्टार्लिंगने 'हार्मोन' असे नाव दिले. ते चेतविणे, चालना देणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलेले आहे. मराठीत आपण 'संप्रेरक' म्हणतो. ग्रीक शब्दाची छाया न वाटता त्याचाच अर्थ सांगणारा हा शब्द आहे, आणि परिभाषाकारांच्या चांगल्या घडणीत त्याची गणना करावयास हरकत नाही. परंतु दोन्ही शब्द एकच बाजू दाखवितात. प्रेरणा देणाऱ्याचे नाव झाले. ती घेणारा कोण?

त्याच १९०५ साली केंब्रिजमध्ये लँग्ली नावाचा शरीरशास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न निकोटिनच्या साहाय्याने सोडवीत होता. कोंबडीच्या स्नायूला निकोटिन लावले की तो आखडतो, हे त्याने पाहिले होते. त्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू तोडला आणि त्याची टोके पार नष्ट होऊ दिली, तरी निकोटिनने स्नायू आखडतच राहिला. म्हणजे ते मज्जातंतूच्या टोकावर काम करीत नव्हते. क्युरारे हे दुसरे विष लावले की निकोटिनचा परिणाम मंदावे किंवा नाहीसा होई. आणि तरीही स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडे. म्हणजे स्नायू धडधाकट होता, आणि ही दोन विषे त्याच्याच एका विशिष्ट घटकासाठी झगडत होती. त्या घटकास लँग्लीने 'ग्रहण करणारे द्रव्य' म्हटले. आज मराठीत त्याला 'ग्राही' हा सुटसुटीत शब्द रूढ झाला आहे.

पुढे १९२१ साली ओटो लोव्हीने बेडकाची दोन हृदये क्षारजलात धडधडत ठेवून, एकाची गती मंदावणारा मज्जातंतू चेतविला आणि त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयास दिले. दुसऱ्याचीही गती मंदावली. मज्जातंतूसुद्धा अखेर रेणूच्याच मुखाने बोलतो, हे त्यावरून सिद्ध झाले. तो रेणू ॲसिटिलकोलिन होय. ह्याच रेणूचा अभ्यास करणाऱ्या हेन्री डेलने १९१४ सालीच एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. ॲसिटिलकोलिनची काही कार्ये निकोटिनसारखी आहेत, तर काही मस्करीन नावाच्या कुत्र्याच्या छत्रीतील विषासारखी. आता ह्याचे कारण कळले आहे. त्याचे ग्राही दोन जातींचे असतात, आणि त्यांतील एका जातीस तंबाखूवरूनच 'निकोटिनी' हे नाव पडले आहे. स्नायूवर निकोटिनी ग्राही असतात, म्हणून ॲसिटिलकोलिन पोहोचताच स्नायू आखडतो. हृदयावर दुसऱ्या जातीचे असतात, म्हणून तेथे तोच रेणू पोहोचताच गती मंदावते.

ह्या एका उदाहरणात सगळ्या विषयाचे सार आहे. निरोप एकच, एका पेशीला त्याचा अर्थ 'आखडून घे', दुसरीला 'सावकाश चाल', आणि ज्या पेशीवर ग्राहीच नाही तिला काहीच अर्थ नाही. अर्थ निरोपात नसून ऐकणाऱ्याच्या घडणीत असतो. काव्याचा व्यंग्यार्थ सहृदयालाच प्रतीत होतो, असे आपले साहित्यशास्त्र सांगत आले. तुलना फार ताणू नये. परंतु पेशीच्या व्यवहारात ही गोष्ट शब्दश: घडते, एवढे खरे.

ग्राही हा बहुधा पेशीच्या आवरणात रुतलेला प्रथिनाचा रेणू असतो. त्याचा एक भाग बाहेर, एक भाग आत. बाहेरच्या भागातील खोबणीत निरोपाचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो, ग्राहीची आकृती किंचित बदलते, आणि त्या बदलाने आतल्या बाजूस पुढील काम सुरू होते. निरोप आणणारा दाराशीच थांबतो. आत जातो तो निरोपाचा परिणाम. भीतीच्या प्रसंगी ॲड्रिनलिन यकृताच्या पेशीवर येते, तेव्हा आत चक्रीय एएमपी नावाचा दुसरा रेणू मोठ्या संख्येने तयार होतो, तो विकरांना जागे करतो, आणि ते विकर साठवणीतील साखर मोकळी करतात. पेशीतील हा 'दुसरा निरोप्या' अर्ल सदरलँड ह्यांनी १९५० च्या दशकात शोधून काढला. त्याबद्दल १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक पायरीवर काम करणाऱ्यांची संख्या वाढत जाते. म्हणूनच संप्रेरकाचे काही थोडे रेणू पेशीतील लक्षावधी रेणूंना हलवू शकतात.

निरोप पोहोचविण्याइतकेच तो पुसून टाकणेही महत्त्वाचे असते. स्नायूपाशी आलेले ॲसिटिलकोलिन एक विकर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारास तोडून टाकतो. तसे न झाले तर आखडलेला हात सैल होणार नाही. काही कीटकनाशके माणसास घातक ठरतात, ती हाच विकर बंद पाडतात म्हणून. फळा पुसल्यावाचून दुसरे वाक्य लिहिता येत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको.

आरोग्य म्हणजे हा व्यवहार सुरळीत चालणे, असे मानले तर अनेक रोगांची नवी मांडणी करता येते. कधी निरोपच निघत नाही. बालवयात बहुधा उद्भवणाऱ्या मधुमेहात इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि म्हणून ते बाहेरून टोचावे लागते. कधी निरोप येतो पण ऐकू जात नाही. प्रौढ वयातील मधुमेहात आरंभी इन्शुलिन पुरेसे, किंबहुना जास्तच असते. पण स्नायूंच्या व यकृताच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच राहते. कधी परका रेणू निरोपाचे सोंग घेऊन येतो. आणि कधी कोणीही निरोप न धाडता पेशी तो आल्यासारखी वागू लागते. शेवटचे दोन प्रकार निपाणीच्या तंबाखूने आम्हांस जवळून दाखविले आहेत.

सोंगाचा प्रकार आधी पाहू. निकोटिनच्या रेणूची घडण ॲसिटिलकोलिनशी इतकी जुळते की निकोटिनी ग्राही फसतो. किड्याच्या मज्जासंस्थेत हे ग्राही भरपूर असतात. तेथे खोट्या निरोपाचा भडिमार झाला की किडा आचके देऊन मरतो. माणसाच्या मेंदूतही ते आहेत. विडीचा धूर फुप्फुसात गेल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूस पोहोचते. तंबाखू दाढेखाली धरली तर थोडा अधिक वेळ लागतो. चंचीतल्या तंबाखूला चुना लावून मळण्याची जी पिढीजात रीत आहे, तिच्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे. चुन्याच्या क्षारतेने निकोटिनचे रूप असे पालटते की ते तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने पार होते. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य ॲसिटिलकोलिनच्या दुसऱ्या जातीच्या ग्राहींना फसविते. तंबाखू घातलेला विडा खाणारा मनुष्य एकाच निरोप्याची दोन सोंगे एकदम तोंडात घेत असतो.

फसलेल्या ग्राहींमुळे मेंदूच्या ज्या भागात समाधानाची जाणीव उपजते, तेथे डोपामिन हे द्रव्य सुटते. ही झाली तरतरी. परंतु ॲसिटिलकोलिनला क्षणात तोडणारा विकर निकोटिनला तोडू शकत नाही. ते काम यकृत करते, आणि रक्तातील निकोटिन निम्मे व्हावयास सुमारे दोन तास लागतात. तोवर फळा पुसलाच जात नाही. सततच्या गलक्याने ग्राही बधिर होतात. बधिरतेवर उपाय म्हणून मेंदूच्या पेशींवर ग्राहींची संख्या वाढते. आणि निकोटिन उतरले की हे वाढलेले ग्राही रिकामे पडून माणूस अस्वस्थ, चिडखोर होतो, त्याचे चित्त लागत नाही. पुढची विडी तो आनंदासाठी पेटवीत नाही, ही अस्वस्थता शमविण्यासाठी पेटवितो. व्यसनी माणसाला आपण दुबळ्या मनाचा म्हणून मोकळे होतो. त्याच्या मेंदूच्या पेशींची ठेवणच पालटलेली असते, हे लक्षात घेतले तर बोलण्याची भाषा बदलावी लागेल. ही ठेवण कायमची नसते. तंबाखू सोडल्यावर काही आठवड्यांत ग्राहींची संख्या पूर्ववत होऊ लागते. पहिले काही दिवस सर्वांत कठीण का जातात, ह्याचेही कारण त्यातच आहे.

तंबाखू तोंडात न घेणाराही ह्यातून सुटत नाही. निकोटिन पाण्यात विरघळते आणि कातडीतून शरीरात शिरते. दंवाने वा पावसाने ओल्या झालेल्या तंबाखूत काम करणाऱ्यास मळमळ, ओकारी, चक्कर, डोकेदुखी, घाम असा त्रास होतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मजुरांतील हा आजार १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला गेला, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने पुढे आपल्याकडील तंबाखू-कामगारांतही तो अभ्यासिला. ज्याला तंबाखूची सवय नाही त्याला हा त्रास अधिक, कारण त्याचे ग्राही अद्याप बधिर झालेले नसतात. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या नाकातोंडात धूळ जाते, तिच्यातही निकोटिन असतेच. 'नवीन आहे, सवय होईल,' असे तिला सांगतात. ह्या सवयीचा अर्थ काय, ते वर आलेच आहे.

आता चौथा, अधिक भयंकर प्रकार. पेशीने दुभंगावे की नाही, हेही निरोपांवर ठरते. जखमेपाशी वृद्धिघटक नावाचे रेणू सुटतात. ते त्वचेच्या पेशीवरील ग्राहींवर बसतात. आत 'रास' नावाचे प्रथिन कळ दाबल्यासारखे चालू होते. त्याच्यापुढे विकरांची साखळी हलते. अखेर पेशीकेंद्रातील जनुके जागी होऊन पेशी दुभंगते. मग रास स्वत:च बंद होते. शेजारच्या पेशीचा स्पर्श झाला की निरोगी पेशी वाढ आवरते, म्हणजे स्पर्श हाही एक निरोपच. याशिवाय पी-५३ नावाचे प्रथिन जनुकांची मोडतोड झाल्याचे आढळताच पेशीला थांबविते, आणि मोडतोड भरून येण्याजोगी नसेल तर तिला मरणाचा आदेश देते.

कर्करोगात ह्या यंत्रणेचेच भाग बिघडतात. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातील रास जनुकाची लिपी निरोगी जनुकाशी ताडून पाहता दोहोंत अवघ्या एका अक्षराचा फरक निघाला. त्या एका अक्षराने रासची कळ बंद होईनाशी झाली होती. बाहेरून कोणी काही सांगत नव्हते आणि पेशी मात्र 'वाढ, वाढ' असे ऐकत होती. सामान्यत: एका बिघाडाने कर्करोग होत नाही. वाढीची कळ अडकणे, थांब्याचे निरोप ऐकू न येणे, पी-५३ निकामी होणे असे अनेक बिघाड वर्षानुवर्षे साचतात, तेव्हा तो होतो. म्हणूनच तरुणपणी धरलेल्या तंबाखूचा हिशेब बहुधा पन्नाशीच्या सुमारास पुढे येतो.

हे बिघाड तंबाखू कशी घडविते? येथे एक भेद ध्यानात ठेवावा. व्यसन लावते ते निकोटिन. कर्करोगाचे मुख्य कारण त्याच्या सोबतची दुसरी द्रव्ये. पाने वाळविताना, मुरविताना व साठविताना निकोटिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये ह्यांच्यापासून नायट्रोसअमाइने तयार होतात. शरीरातील विकर त्यांना अधिक उग्र रूप देतात, ती जनुकांच्या अक्षरांना चिकटतात, आणि पुढच्या वेळी जनुकाची नक्कल उतरताना तेथे चूक होते. धुरात आणखी कितीतरी घातक द्रव्यांची भर पडते. धूर नसला तरी नायट्रोसअमाइने असतातच. तेव्हा 'मी विडी ओढीत नाही, नुसती मिश्री लावते' ह्या समाधानाला आधार नाही. निकोटिन माणसाला रोज ह्या द्रव्यांच्या दारात आणून उभे करते.

ह्या ज्ञानात मराठी संशोधकांचा वाटा मोठा आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी वाहिली. मुखाच्या एक हजार कर्करोगांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ साली प्रसिद्ध झाला. कर्करोग शरीराच्या कोणत्या भागी होतो ह्याचा लोकांच्या सवयींशी निकटचा संबंध आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. १९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचेही ते प्रवर्तक. त्यांच्या हाताखाली घडलेल्या, मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी तेथे पेशी काचपात्रात वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या स्तनांतील कर्करोगाचा संप्रेरकांशी असलेला संबंध तपासला. निरोप आणि कर्करोग ह्यांची सांगड घालणारे संशोधन परळमध्ये साठ वर्षांपूर्वीच चालू होते, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवे.

पेशी बिघडत असताना ती आपल्या परीने खूणही देते. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, न भरणारे व्रण ह्या त्या खुणा होत. सुपारीच्या माऱ्याने अस्तराखालील पेशींना तंतू बनविण्याचा निरोप अखंड मिळत राहतो, अस्तर ताठरते आणि तोंड पुरते उघडेनासे होते, हीही पूर्वसूचनाच. डॉ. फली मेहता व टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी ह्यांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. ती पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. ह्याच गटाने पुढे एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम ह्या जिल्ह्यांतील छत्तीस हजार तंबाखू-सेवकांना दहा वर्षे सातत्याने समजावून सांगितले, आणि ज्यांनी तंबाखू सोडली वा बरीच कमी केली त्यांच्यात नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटल्याचे दाखविले. साधे बोलणे पेशीपर्यंत पोहोचते, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

उपचारांची दिशाही ह्याच ज्ञानाने पालटली. पूर्वीची कर्करोगावरील औषधे दुभंगणाऱ्या सर्वच पेशींवर आघात करीत. रक्ताच्या एका कर्करोगात सतत चालू राहिलेला विशिष्ट विकर बंद पाडणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून वापरात आले आणि त्या रोगाचे स्वरूपच बदलले. मुख व घसा ह्यांच्या काही कर्करोगांत वृद्धिघटकाच्या ग्राहीवर झाकण घालणारी औषधे दिली जातात. मुखाच्या कर्करोगात मात्र अजूनही शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच मुख्य, आणि लवकर निदान हे त्याहून मोलाचे.

आता आमच्या गावाकडे वळावयाचे. तंबाखू वाईट, ती बंद करा, असे दुरून म्हणणे सोपे आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडले, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच सुमारास वखारीतील स्त्रिया मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटित झाल्या; 'युगांतर' ह्या चित्रपट-मंडळाने १९८२ साली त्यांच्यावर अनुबोधपट काढला. हे पीक म्हणजे आमच्या लोकांच्या भाकरीचा इतिहास आहे. ऊस, सोयाबीन अशी पिके ह्या भागात आली आहेत. तरी जिचे हात विडी वळण्यातच तयार झाले तिला दुसरे काम मिळेपर्यंत उपदेशाचा उपयोग नाही. तोवर ओल्या पानांत काम करताना अंगभर कपडे व हातमोजे, वखारीत धूळ बाहेर जाण्याची सोय, नाकातोंडावर फडके, काम संपल्यावर हातपाय धुण्यास साबण-पाणी, आणि वर्षातून एकदा तोंडाची तपासणी, एवढे तरी तिला मिळावयास हवे. पांढऱ्या चट्ट्यासाठी बेळगाव, कोल्हापूर वा मिरज गाठणे तिला परवडत नाही. एक दिवसाची मजुरी बुडते. तपासणाराच वखारीपर्यंत गेला पाहिजे.

शाळेचे काम ह्याहून निराळे आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती देण्यास मनाई केली. फाटकावर तशी पाटी लावणे ही पहिली पायरी झाली. पण पाटीने व्यसन थांबत नाही. आमच्या वर्गांत शेतकऱ्यांची मुले आहेत, विडी वळणाऱ्या बायांची आहेत, वखारवाल्यांचीही आहेत. त्यांच्यापुढे तंबाखूची निंदा केली तर ती त्यांना आपल्या आईबापांची निंदा वाटते, आणि मुले ऐकणे बंद करतात. पेशीला ग्राही कसा असतो, शेंडा खुडल्यावर मूळ काय करते, आईला पहिल्या दिवशी वखारीत चक्कर का आली, मळताना आजोबा चुना का लावतात, असे शिकविले तर मूल घरी जाऊन तेच सांगते, आणि आजोबा बहुधा ऐकतात. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या तासाला एवढे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारे शब्द मराठीत तयार आहेत, आणि लागणारे रोप गावाबाहेरच्या शेतात उभे आहे.